कडेची फरशी

आता जे सांगणार आहे ते रावेरात सांगितलं तर लोक हसतात, भुसावळात सांगितलं तर गाडीची वेळ झाली म्हणून उठतात, आणि जळगावात सांगायची सोय नाही, कारण ते तिथेच घडलं. तेव्हा तुम्हीही मानू नका. पण आमच्या हॉलमधल्या गालिच्याचं माप माणसांनी ठरवलं नाही, केळीच्या पानांनी ठरवलं. यात एक शब्द खोटा असेल तर माझी मिशी पांढरी होवो. झालीच आहे म्हणता? ती वयाने.

आज ज्योत्स्नाची हळद. भरिताची वांगी अजून कपाशीच्या काड्यांवर भाजतायत, बाया आत पुऱ्या लाटतायत, आणि सुपारीच्या दिवशी जे नव्हते ते तुम्ही सगळे मांडवात रिकामे बसला आहात. मग ऐका.

सुपारी फुटायची होती हेमराजच्या जळगावच्या घरी. हेमराज माझा पुतण्या, रावेरचा केळीवाला, ज्योत्स्नाचा बाप. आमच्यात ही बैठक खाली होते. दोन्हीकडची मोठी माणसं एका जाजमावर मांडी घालून बसतात, सुपारी फोडून वाटतात, की लग्न पक्कं. आणि एक कायदा माझ्या आज्यापासून चालत आलेला: ज्याचं बूड जाजमावर, त्याचा शब्द बैठकीत. जाजमाच्या बाहेर बसलेल्याने पान खावं, चहा प्यावा आणि गप्प राहावं.

जुनं जाजम केव्हाच केळीच्या खोक्यांवर झाकायला गेलं होतं. म्हणून ठरलं, हॉलमध्ये गालिचा घ्यायचा.

"पाच बाय आठ," चारुलता म्हणाली. ही हेमराजची बायको, कॉलेजात भूगोल शिकवते, त्यामुळे नकाशाशिवाय तिला काही पटत नाही. जेवणाच्या टेबलावर तिने हॉलचा नकाशा पसरला होता, भाजीच्या पातेल्याखालून निम्मा दिसत होता. "सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर, मागचे फरशीवर. चारी बाजूंनी फरशी दिसली पाहिजे. दुकानदारही तेच म्हणाला."

"फरशी कशाले दिसू द्यायची?" कुंदावहिनीने विचारलं. ही माझी थोरली वहिनी, हेमराजची आई. गुडघे गेल्यापासून ती जमिनीवर बसत नाही, खुर्चीवरूनच राज्य करते.

"खोली मोठी दिसते, आई."

"खोली मोठी दिसून काय करते. कडेले फरशी ठेवली म्हनजे तिथं कोनाले तरी बसवावं लागते."

यावर टेबलाभोवती सगळ्यांना एकदम भूक लागली. जो तो ताटात बघायला लागला. ज्योत्स्नाने तर रिकाम्या वाटीतली आमटी पिऊन टाकली.

कोणाला म्हणजे कोणाला, हे सांगायची गरज नव्हती. माझा भाऊ गेला, त्याच्या तेराव्याची ती बैठक तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. बेबा, म्हणजे हेमराजची थोरली बहीण, धुळ्याला दिलेली, दुपारी आत जाऊन मुलांचं काहीबाही आवरून पुन्हा आली, तोवर जाजम भरलं होतं. कोणी सरकलं नाही. ती दारापाशी फरशीवर बसली. आणि तिथून म्हणाली, माय माझ्याकडे राहील. हेमराजने मान न वळवता हाताने खूण केली, थांब अक्का, आमचं चाललंय. आईने हेमराजकडे राहायचं असं जाजमावर ठरलं, पान वाटलं गेलं. बेबा चहा न पिता उठली. तेव्हापासून ती त्या घरात आलेली नव्हती. वहिनीच वर्षातून दोनदा धुळ्याला जाऊन लेकीला बघून यायची.

वहिनी त्या दिवशी आतल्या खोलीत होती. नवी विधवा, कपाळ मोकळं, दाराआड बसलेली. लेकीचं वाक्य तिने ऐकलं होतं. धुळ्याला जायचंय की नाही हे तिलाही कोणी विचारलं नव्हतं, पण त्याचं तिला विशेष वाटलं नाही. लेकीला फरशी गार लागली असेल, एवढंच तिच्या मनात राहून गेलं. तुम्ही म्हणाल, नाना, बाईच्या मनातलं तुला कसं कळलं? माणूस घास कसा चावतो त्यावरून मला मनातलं सगळं कळतं. वहिनी त्या दिवशी भाकरीचा एकच तुकडा जेवण संपेपर्यंत चावत होती.

"मले भिंतीपासून भिंतीपर्यंत पाह्यजे," टेबलाशी बसलेली वहिनी म्हणाली. "बेबा येईन त्या दिवशी. तिले मी बोलावणार. आत्याशिवाय पोरीची सुपारी फोडायची नही."

"तसा गालिचा म्हणजे मंगल कार्यालय वाटेल, आई," चारुलता म्हणाली.

"वाटू दे. मंगलच हाये."

हेमराज पाणी प्यायला. "पाच बाय आठ पुरे," तो म्हणाला.

इथे चारुलतेला ठसका लागला. लग्न झाल्यापासून आईसमोर नवरा तिच्या बाजूने बोलल्याची ही पहिलीच वेळ. आनंद व्हायला हवा होता, पण बाई भूगोलाची. वारा एकाएकी दिशा बदलतो तेव्हा कुठेतरी काहीतरी बिघडलेलं असतं, हे तिला ठाऊक.

हेमराज हात धुवायला गेला तशी ती टॉवेल घेऊन मागे गेली.

"तुम्हाला गालिच्यातलं कधीपासून कळायला लागलं?"

"तुझंच तर बोललो."

"म्हणून तर विचारते."

हेमराज टॉवेलला हात पुसत राहिला. कोरडे झाले तरी पुसत राहिला. "मोठा घेतला आणि अक्का आलीच नाही तर?" तो म्हणाला. "माणसं बसतील मोजकीच, आणि मधे जागा रिकामी. माय दिवसभर त्या जागेकडे बघत बसेल. लहान घेतला तर निदान भरलेला दिसेल."

"तुम्ही फोन करा ना अक्कांना."

"काय म्हणू?"

"या म्हणा."

"एवढंच म्हणायचं असतं तर केव्हाच म्हटलं असतं," हेमराज म्हणाला आणि टॉवेल उलटा दोरीवर टाकून निघून गेला.

चारुलता तिथेच उभी राहिली. तेराव्याला ती जाजमावर होती. डोक्यावर पदर, मान खाली, आणि उजव्या मांडीशेजारी वीतभर जागा. सरकली असती तर वीतभराची हातभर झाली असती. पण पाहुण्यांत सुनेने हलायचं कसं, आधी कोणीतरी मोठ्याने हलावं, असा विचार ती करत होती, आणि तो विचार संपेपर्यंत पान वाटून झालं होतं. ती बाहेर आली, नकाशावरचं पाच बाय आठ खोडलं आणि म्हणाली, "आई, मोठाच घेऊ."

झालं. जेवताना सून एकीकडे आणि सासू एकीकडे होती, हात धुतल्यावर दोघी एकीकडे आणि हेमराज एकटा पाच बाय आठवर. मी कुठे होतो? मी जिकडे शेवटचं चकलीचं ताट होतं तिकडे.

पण मोठा म्हणजे केवढा, हे ठरेना. ज्योत्स्ना पुण्याला नोकरी करते, तिने मोबाइलमधून वाचून दाखवलं की घ्यायच्या आधी जमिनीवर पेपर पसरून बघायचं, म्हणजे अंदाज येतो. आमच्या घरी येतो एक पेपर, त्यातही शब्दकोड्याचं पान मी कापून घेतलेलं.

"पेपर कशाला?" हेमराज म्हणाला. "पानं आणतो."

केळीवाल्याला कशावरही पान हाच उपाय सुचतो. गाडीत माल भरताना खाली पान, वर पान, घडांच्या मधे पान. त्याने रावेरहून पिकअप भरून पानं आणली, ताजी, लांब दांड्याची, आणि हॉलमध्ये पसरली. नऊ बाय बारा. आता खरं सांगतो, त्या पानांच्या वासाने घराच्या कुंडीतली तुळस एका रात्रीत मनगटाएवढी जाड झाली आणि शेजारच्या गुप्तेबाई तिला केळ समजून कोयता घेऊन घड उतरवायला आल्या. पण ते जाऊ द्या.

मग आम्ही त्या पानांवर बसून बघितलं. आमच्याकडे खोली फुटांनी मोजत नाहीत, बैठकीने मोजतात. मी नवऱ्या मुलाचा बाप झालो. मुलाचे वडील तोतारामभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांच्यासारखं मी बसल्या बसल्या दोनदा घड्याळ बघितलं.

"व्याही, जरा सरका," ज्योत्स्ना मला म्हणाली. "नवरी कुठे बसणार?"

"नवरीने पोहे आणावेत आधी. आमची मालगाडी सुटायचीय."

"मांडी नीट घाला नाना, एक पाय फरशीवर गेलाय. तुमचा अर्धाच शब्द धरतील."

वहिनी खुर्चीवरून मोजत होती. तोतारामभाऊ, त्यांची मंडळी, मुलाचा मामा, हेमराज, चारुलता, मी. मोजून झाल्यावर तिने सोफ्याजवळच्या एका पानाकडे बोट दाखवलं. "हे बेबाचं."

"आणि तुझं, आजी?" ज्योत्स्नाने विचारलं.

"माह्यी खुर्ची. मी आता कशाले खाली उतरते."

हेमराजचं म्हणणं, अजून लहान करू. वहिनीचं म्हणणं, दारापाशी अजून पट्टी उघडी आहे, तिथपर्यंत पान घाल. चारुलता मधे. बोलता बोलता चहा झाला, मग पाहुणे आले, मग वीज गेली, आणि पानं तशीच राहिली.

सकाळी चारुलतेने पानं उचलली आणि ती मटकन सोफ्यावर बसली. पांढरी नवी फरशी, गुजरातहून मागवलेली, जरा खरबरीत पोताची. तिच्यावर नऊ बाय बाराचा तपकिरी चौकोन. दांड्यांतून रात्रभर चीक पाझरला होता.

"हेमराज," वहिनी म्हणाली, "तू केळीवालाच ना रे?"

हेमराज म्हणजे शेतात जाताना जुना सदरा घालणारा, चिकाचा डाग धोबीही काढत नाही हे पोराबाळांना शिकवणारा माणूस. आणि त्याने आपल्या घरात, आपल्या हाताने दांड्यांसकट पानं अंथरली होती. चारुलतेने लिंबू घासलं, सोडा घासला, रॉकेल घासलं. फरशीने सगळं पिऊन घेतलं आणि डाग ठेवला.

तर असं ठरलं माप. त्याहून लहान घेतला तर डाग दिसेल, मोठा घेतला तर चारुलतेचा नकाशा बिघडेल. नऊ बाय बारा. चारी बाजूंनी सारखी फरशी, सोफ्याचे सगळे पाय वर. दुकानदार म्हणाला, मॅडम, अगदी नियमात बसतो बघा. रंग मरून, काठाला बारीक वेल. गुंडाळी घरी आली तेव्हा एक टोक हॉलमध्ये होतं आणि दुसरं अजून रिक्षा स्टँडवर. रिक्षावाले त्याच्यावर बसून चहा पीत होते.

आता धुळ्याला चला.

बेबा ओट्यावर मेथी निवडत होती. फोन आला तो खांदा आणि कान यांच्यात धरला.

"नऊ बाय बारा घेतला," वहिनी म्हणाली.

"काय?"

"गालिचा."

बेबाच्या हातातली काडी थांबली. राग आला की ती धुळ्याचं बोलते. "मग माले काय करनं शे माय, तुमना गालिचानं?"

"तुह्यासाठी जागा ठेवली त्याच्यात. सोफ्याच्या अंगाले."

"जागा ठेवावी लागते का, माय?" बेबा आता आपल्या माहेरच्या बोलीत आली होती, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. "आपल्या घरी मानूस नुसतं बसते."

फोन चालूच राहिला. पलीकडून मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज तेवढा येत होता.

"पोरगी कशी हाये?" बेबाने शेवटी विचारलं.

"तुह्यी वाट पाहू राह्यली."

"पाहू," बेबा म्हणाली आणि फोन ठेवला. पण निवडलेली मेथी तिने केरात टाकली आणि काड्या भाजीला घेतल्या. हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं, कारण ती भाजी त्याने खाल्ली.

तिला भाचीकडे जायचं होतं. आत्याचा मान तिला हवा होता, तो कशाला लपवू. पण कोणीतरी आखून ठेवलेल्या जागेवर जाऊन बसायचं, म्हणजे त्या दिवशी उठून गेल्याची चूक आपली, असं तिला वाटत होतं. नवरा म्हणाला, कपाटातली हिरवी साडी काढू का? ती म्हणाली, काढा, पण मी जाईन असं नाही.

सुपारीचा दिवस उजाडला. तोतारामभाऊ वेळेआधी आले, रेल्वेची माणसं निवृत्त झाल्यावरच वेळेवर येतात. सगळी मंडळी गालिच्यावर बसली. मऊ इतका की मुलाचा मामा बसल्यावर कमरेपर्यंत दिसेनासा झाला. पोहे झाले, चहा झाला. सोफ्याजवळची जागा रिकामी. हेमराजने ती दिसू नये म्हणून तिथे पेढ्यांचं ताट ठेवलं. वहिनीने खुर्चीवरून बघितलं. त्याने ताट उचललं आणि माझ्याकडे दिलं.

"मग करायची का सुरुवात?" तोतारामभाऊंनी घड्याळ बघितलं.

"पाच मिनिटं," हेमराज म्हणाला. "माझी बहीण यायचीय."

हे वाक्य त्या घरात इतक्या वर्षांत कोणी बोललं नव्हतं. चारुलतेने मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. ज्योत्स्ना पोह्यांच्या रिकाम्या बशा घेऊन आत निघाली होती, ती दारातच थांबली.

धुळ्याची बस सकाळी पारोळ्याला बराच वेळ अडकली होती. खिडकीशी हिरव्या साडीतली बेबा बसली होती, मांडीवर भाचीसाठी घेतलेला खण. कंडक्टरने विचारलं, ताई, घाई आहे का? ती म्हणाली, नाही, आमच्याकडे माझ्यावाचून काही अडत नाही.

आणि तोतारामभाऊ तिसऱ्यांदा घड्याळ बघत होते तेव्हा फाटक वाजलं.

बेबा दारात उभी. चपला काढल्या. गालिचा बघितला, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कडेच्या फरशीची पट्टी बघितली. पंखासुद्धा फिरायचा थांबला. आता पुढचं नीट ऐका, हे कोणी मानत नाही. मी उठलो. ताट खाली ठेवलं, बेबाचा हात धरला आणि म्हणालो, बेबा, तुझ्या बापाच्या ठिकाणी मी आहे, माझी जागा घे. आणि तिला नेऊन बसवलं थेट मधोमध. ती बसली मात्र, तो गालिचा चारी बाजूंनी सरसर वाढत गेला, सोफ्याखालून, खुर्चीखालून, थेट चारी भिंतींना जाऊन टेकला. कडेला बोटभर फरशी उरली नाही. तोतारामभाऊंनी रेल्वेचा हिरवा झेंडा काढून दाखवला आणि म्हणाले, असा गालिचा मी उभ्या भुसावळ डिव्हिजनमध्ये...

"हाई बठ्ठं खोटं शे, नाना."

मांडवाच्या खांबाशी बेबा उभी होती, दोन्ही हात पिठाचे.

"मी गालिच्यावर बसलेच नाही. मी दारापाशी फरशीवर बसले. हेमराज म्हणाला, अक्का, आत ये. मी म्हटलं, इथंच बरं, गार लागतं. तर माय खुर्चीवरून उतरली. त्या गुडघ्यांनी. सरकत सरकत आली आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली. मग हेमराज उठून आला, मग चारू, मग तोतारामभाऊ आणि त्यांच्याकडचे सगळे. सुपारी उंबऱ्यापाशी फुटली, आणि नंतर मायला उठवायला चौघं लागले. एवढ्या मोठ्या गालिच्यावर शेवटपर्यंत एकच माणूस बसून होतं."

"कोण?" कोणीतरी विचारलं.

"हे काय, बोलतायत ते. पेढ्यांचं ताट मांडीवर घेऊन."